वैलावरचं पाणी

देवराव: दारातून सर, माय.

सुगंधाबाई: नाई सरत.

देवराव: धक्का देईन मी. मंग गावभर सांगशीन, पोटच्या पोरानं ढकललं म्हनून.

सुगंधाबाई: दे ना धक्का. पडली तं माह्या अंगावरून पाय टाकून जाय. पन कुऱ्हाड इथी ठेव.

देवराव: कुऱ्हाड ठेवून जाऊ? पत्र्याले काय बेल वाहाले जातो मी?

सुगंधाबाई: पत्रू हाये तो, देवा. कोनी परका नोये. लहानपनी तुह्यासंग खेकडे धराले नाल्यात हात घालून बसत होता. याच ओसरीत माह्या हातचं जेवला.

देवराव: जेवला नं? जेवला, मोठा झाला, फॉरेस्टच्या नाक्यावर वॉचर लागला, अन् काल जंगलात माह्या बायकोचा हात मोडला. चंदीकडं पाह्य. बोटं पाह्य कशी निळी पडली.

चंदा: बोटं हालते, अवो. चैतूभाऊनं हाड बसवून बांबूच्या कमच्या बांधतानी सांगतलं, बोटं हालते तोवर भेव नाई.

देवराव: तू चूप राह्य. पाठ दाखव मायले.

चंदा: आत्याबाईनंच हळद लावली पाठीले. पुन्हा पुन्हा काय दाखवू? सिनेमा हाये का?

देवराव: हसू येऊन राह्यलं हिले!

चंदा: रडलं की पाठ ओढते. म्हनून हसून राह्यली.

देवराव: आइकलं, माय? सर आता. नाकेदाराचं मी मंग पाहीन. तो बाहेरचा, आज इथी, उद्या बदली होऊन दुसरीकडं. पत्र्या आपला. आपला असून केलं त्यानं. पहिलं त्याची मान.

सुगंधाबाई: अन् मंग?

देवराव: मंग काय?

सुगंधाबाई: मंग पोलीस तुले बांधून नेईन. घरी कोन राहीन? ही एका हाताची अन् मी गुडघ्याची अधू. बांधात धान पिवळं झालं हाये, ते कोन कापन? पत्रूची माय रोज सांजच्याले माह्यासंग तुळशीपाशी बसते, तिले मी कोनतं तोंड दाखवू?

देवराव: तिचं तोंड तिनं पाहावं. चंदीच्या मायले मी कोनतं तोंड दाखवू ते सांग. लेक दिली होती त्यायनं मले, धडधाकट. अन् चंदे, तू. मले एक सांग. तू गेलीच काऊन जंगलात?

चंदा: गेली.

देवराव: तेच विचारून राह्यलो, काऊन गेली? चूल बसवली नं आपून घरात? रुखमाबाई आली चुलीच्या योजनेतून, तिनं चिखल तुडवला, म्या छप्पर फोडून धुराची नळी वर काढली. पुढं भात शिजते, तोच जाळ मांगं सरकते, अन् मांगच्या तोंडावर, वैलावर, आंघोळीचं पानी तापते. एका आगीत दोन कामं. अर्धं सरपन लागते. बांधावरच्या तुराट्या अन् गोवऱ्या, एवढ्यात भागते. हे कोन म्हनत होतं मले महिनाभर? चूल बसवा, चूल बसवा म्हनून कोन मांगं लागलं होतं?

चंदा: मीच.

देवराव: "जंगलाचं तोंड पाहाले नोको मले", कोनाचं बोलनं हाये हे?

चंदा: माहंच हाये.

देवराव: पोळ्यापासून तू जंगलात पाय नाई टाकला. मंग काल मोळी कायची होती?

चंदा: जाऊ द्या नं. झालं ते झालं.

देवराव: कायची मोळी होती?

सुगंधाबाई: माह्या पान्याची.

देवराव: तुह्या? कोनत्या पान्याची?

सुगंधाबाई: माह्या आंघोळीच्या. तिले काय दटावून राह्यला, मले दटाव. कार्तिक लागला हाये. सूर्य निंगायच्या आत अंगावर पानी घेतल्याबिगर मी तोंडात पानी घेत नाई, हा तुह्या जन्माआधीपासूनचा नेम हाये माहा. ते पानी न्हानीजवळच्या माह्या चुलीवर तापते. त्या चुलीले लाकूड लागते.

देवराव: घरात गंजभर पानी आपोआप तापते! फुकटात!

सुगंधाबाई: तापते. अन् पुढच्या तोंडावर काय शिजते रे? मासोळी शिजते. आज खेकडे शिजून राह्यले. ज्या आगीनं खेकडे शिजवले त्याच आगीचं पानी डोक्यावर घेऊ अन् मंग देवापुढं बसू?

देवराव: खेकडे हिच्या हाडासाठी हाये. चैतूनं सांगतलं खेकड्याचा रस्सा द्या.

सुगंधाबाई: द्या ना. मी नाई म्हनली का? सकाळच्याले म्याच पाटा घेऊन मसाला वाटून देल्ला. पन माहं पानी त्यात नोको.

देवराव: मंग थंड्या पान्यानं करायची होती!

सुगंधाबाई: आता म्हनतो! परूच्या साली कोनं शपत घातली मले? छातीत कफ भरला होता, तुले वाटलं मायचं काई खरं नाई. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून घरी आनलं अन् माहा हात आपल्या डोक्यावर ठेवून म्हनला, थंडं पानी अंगावर घेशीन तं मले मेलेलं पाहाशीन. म्हनला का नाई?

देवराव: म्हनलो.

सुगंधाबाई: थंडं घेतलं तं तुही शपत मोडते. कढत घेतलं तं लाकूड लागते. मी कोनाले सांगतलं नोयतं जा म्हनून. चंदीनं आपल्या मनानं कोयता उचलला.

चंदा: सांगतलं नोयतं. पन राखेत हात घालून पाहून राह्यल्या होत्या, आग हाये का म्हनून. मले पाहावलं नाई.

देवराव: पाहावलं नाई! तुले पाहावलं नाई, म्हनून आता मी हे पाहू? तिघंबी लई चांगले आपून. एवढे चांगले की हाड मोडलं.

सुगंधाबाई: कोनावर ओरडून राह्यला?

देवराव: तुह्यावर. तुह्या देवावर! आज केली का आंघोळ?

सुगंधाबाई: लाकूड कुठी हाये?

देवराव: म्हनजे सकाळपासून पान्याचा थेंब नाई तुह्या पोटात.

चंदा: नाई घेतला. म्या दोन डाव वैलावरचं पानी पुढं केलं. हात मांगं घेतला त्यांनी.

देवराव: उपाशी मरशीन पन ते पानी नाई शिवनार. बरं हाये. तुले तुहा नेम प्यारा, मले माहा. मी त्याची मान आनतो. सर.

सुगंधाबाई: माह्या नेमानं कोनाची मान जात नाई!

देवराव: हात गेला ना. हिचा हात गेला!

पत्रू: देवा? घरी हाये का, देवा?

चंदा: अव माय! हा इथीच आला.

सुगंधाबाई: पत्रू, पळ! आत नोको येऊ, पळ पोरा!

देवराव: येऊ दे. ये, पत्र्या. मी तुह्याकडंच निंगून राह्यलो होतो. तुवा माहे पाय वाचवले.

पत्रू: कुऱ्हाड काऊन... देवा, आइक तं पहिलं, मी भांडाले नाई आलो—

देवराव: म्या कुठी म्हनलं भांडू?

पत्रू: आई गं! नाक! नाक फोडलं यानं, मोठीमाय!

देवराव: दांडा बसला फक्त. पातं आजून बाकी हाये.

चंदा: गळा सोडा त्याचा! अवो, डोळे पांढरे झाले! मी एका हातानं ओढू कशी तुमाले? सोडा!

देवराव: तुही पाठ पाह्यली म्या, चंदे. बाजूले हो.

पत्रू: मोठी... मोठीमाय...

सुगंधाबाई: देवराव! दारात आलेल्या मानसाले मारत नाई. माह्या नेमाची आन हाये तुले, सोड! मारायचंच असन तं पहिलं विचार कायले आला. सोड म्हनते ना!

देवराव: घे. सोडला. बोल बे, जलदी बोल.

पत्रू: थुंकू दे... रक्त येऊन राह्यलं तोंडात. मरून गेलो असतो मी, देवा.

देवराव: आजून जाशीन. बोल.

पत्रू: साहेबानं धाडलं मले. नाकेदार साहेबानं. ते म्हनते, कोनी विचारलं तं सांगजा, वहिनी मोळी घेऊन येतानी दरडीवरून पडल्या. पोलीस पाटलाले बी तेच सांगा. मंग साहेब मोळीची केस करत नाई. तुमच्या भल्याचं हाये, मोठीमाय. म्याच हात जोडले साहेबाले, म्हनलं घरचे लोक हाये माहे.

देवराव: अन् नाई सांगतलं तसं?

पत्रू: तं ओलं झाड तोडलं म्हनून केस. कोयता जप्त हाये नाक्यावर.

चंदा: ओलं झाड? वाळल्या काड्या वेचल्या म्या. त्यातबी मोहाची वेगळी काढली, उंबराची वेगळी काढली, आत्याबाईच्या चुलीत ते चालत नाई. निवडत बसली म्हनून तं सापडली तुमाले. जी हाताले आली ती उचलली असती तं कवाच घरी आली असती.

पत्रू: मले माहीत हाये, वहिनी. मी होतो ना तिथी.

चंदा: होते तुमी.

सुगंधाबाई: पत्रू, माह्याकडं पाह्य. खाली नोको पाहू. तुह्या मायच्या गळ्याची शपत घेऊन सांग. तुवा मारलं का माह्या सुनेले?

पत्रू: नाई! मायच्या गळ्याची शपत, मोठीमाय. म्या एक काठी नाई मारली. मारलं ते साहेबानं.

देवराव: खोटं बोलून राह्यला.

चंदा: खोटं नाई. काठी नाकेदाराचीच होती.

सुगंधाबाई: आइकलं, देवा? आइकलं का? यानं नाई मारलं! अन् तू याचा गळा दाबून राह्यला होता! नारायना, वाचवलं रे बाप्पा. चंदे, तू कालच काऊन नाई सांगतलं?

चंदा: मी काल कोनाचंच नाव घेत नोयती. यांनी विचारलं कोन होतं, म्या म्हनलं नाक्यावरचे दोघं होते.

सुगंधाबाई: बस, पत्रू. नाक पूस. पदर घे माहा. अन् तवा तू कुठी होता रे? साहेब मारत होता तवा?

पत्रू: तिथीच.

सुगंधाबाई: उभा राहून पाहून राह्यला होता?

पत्रू: पाहीन कसा, मोठीमाय? मले काय आनंद झाला का? साहेब म्हनले, पळून राह्यली, हिचे हात धर. डूटी हाये माही. म्या फक्त हात धरले.

सुगंधाबाई: हात धरले.

पत्रू: मांगून धरले. जोरात बी नाई. वहिनी लई हालून राह्यल्या होत्या. म्या तं उलटं समजावलं त्यायले, म्हनलं हालू नोका वहिनी, हालल्यानं जास्त लागते. विचारा त्यायले.

चंदा: म्हनलं होतं. हालू नोका म्हनले.

पत्रू: पाह्य! अन् हाड वाजलं तवा म्या सांगतलं बी साहेबाले, साहेब, काई तरी वाजलं म्हनून.

देवराव: मंग?

पत्रू: साहेब म्हनले, धरून ठेव.

देवराव: अन् तुवा धरून ठेवलं.

पत्रू: डूटी हाये, देवा. तू असता तं तू बी...

चंदा: आत्याबाई? तिकडं कुठी? आत्याबाई, तो गंज नोका उचलू, जड हाये तो... आत्याबाई!

(सुगंधाबाई वैलावरचा गंज, पाण्याचं मोठं पातेलं, दोन्ही हातांनी उचलते आणि त्यातलं पाणी पत्रूच्या तोंडावर फेकते.)

पत्रू: मेलो! मेलो वो माय! डोळे गेले माहे! जळालो!

सुगंधाबाई: जळ! जळ मुडद्या! हाड वाजलं तरी धरून ठेवलं? कातडं लोंबू दे तुहं! डोळे फुटू दे! माह्या पोरीचं हाड वाजलं अन् तू धरून राह्यला!

देवराव: माय! माय, सोड तो गंज! गंजानं नोको मारू त्याले, डोकं फुटन!

सुगंधाबाई: फुटू दे! फोडाले घेतला म्या!

देवराव: हात आन इकडं. आन. सोड. चंदे, धर मायले.

पत्रू: पानी... थंडं पानी आना कोनी... डोळे उघडत नाई...

देवराव: ओरडून काऊन राह्यला बे? हात काढ तोंडावरचा.

पत्रू: कातडं निंगून येईन हाताले...

देवराव: काढ म्हनतो ना. हं. उघड डोळे. दिसते का मी?

पत्रू: दिसते.

देवराव: काई नाई झालं तुले. ओला झाला.

पत्रू: अं? पन गरम... म्हनजे गरम होतं ना?

चंदा: कोमट होतं.

सुगंधाबाई: कोमट कसं असन? सकाळपासून जाळ चालू हाये.

चंदा: जाळ पुढच्या तोंडाखाली हाये, आत्याबाई. वैलावर उरलेली धग जाते. तिथी उकळी येतच नाई, आंघोळीपुरतं तापते अन् तेवढंच राह्यते. रुखमाबाईनं सांगतलं होतं ना. तुमी कवा बोट बुडवून पाह्यलं नाई, तुमाले कसं समजन?

सुगंधाबाई: मले वाटलं उकळून राह्यलं असन. माह्या चुलीवरचं खळखळ उकळते.

देवराव: तुह्या चुलीवरचं असतं तं हा इथी पडला असता. डोळ्याच्या जागी भोकं असते.

पत्रू: मोठीमाय... तुमी मले आंधळं कराले पाह्यलं? तुमी?

सुगंधाबाई: हो.

पत्रू: तुमी तं मुंगीवरून पाय उचलता.

सुगंधाबाई: तू जाय इथून, पत्रू.

पत्रू: साहेबाले काय सांगू?

चंदा: सांगा, चंदा दरडीवरून पडली नाई.

पत्रू: केस करन तो, वहिनी.

चंदा: करू दे. पोलीस पाटलाले मी बी सांगीन. कोनं मारलं ते, अन् कोनं धरलं ते. तुमचं बी नाव घेईन, पत्रूभाऊ. आता भेव नाई वाटून राह्यलं मले.

पत्रू: माही डूटी जाईन. लेकरं हाये मले.

चंदा: मले बी होतीन एखांद्या दिवशी. त्यायले एका हातानं कशी उचलू, ते बी विचारा साहेबाले.

देवराव: चाल, निंग. कुऱ्हाड आजून हातात हाये माह्या.

पत्रू: जातो. थंडी वाजून राह्यली...

देवराव: मायच्या नेमाची आन हाये म्हनून चालत जाऊन राह्यला. निंग!

चंदा: गेले. नाक धरून गेले.

देवराव: मरू दे. माय, बस खाली. चंदे, मायले पानी दे.

सुगंधाबाई: आंघोळ नाई झाली माही.

देवराव: आता बी आंघोळच धरून बसली? मले दारात अडवून राह्यली होती एवढा वेळ. मले सांगून राह्यली होती, मारत नाई, मारत नाई.

सुगंधाबाई: अडवून राह्यली होती.

देवराव: म्या दांड्यानं मारलं. पातं नाई फिरवलं. तुवा तं सीधं डोळ्यावर टाकलं.

सुगंधाबाई: डोळे पाहूनच टाकलं, देवा. तिथून तिथपर्यंत गंज घेऊन चालली ना मी, तेवढ्यात मले दुसरं काई दिसलं नाई. ना तुळस दिसली, ना त्याची माय दिसली. मले वाटलं आता हा किंचाळन. अन् तो किंचाळला तवा मले बरं वाटलं.

चंदा: आत्याबाई, राहू द्या आता.

सुगंधाबाई: बरं वाटलं, पोरी. मी खोटं कायले बोलू? गंजात उरलं का काई?

चंदा: असन ओंजळभर. तळाशी.

सुगंधाबाई: आन. हातावर ओत.

चंदा: याच आगीवर खेकडे हाये, आत्याबाई. आजून शिजून राह्यले.

सुगंधाबाई: वास येऊन राह्यला मले. ओत.

चंदा: घ्या. लई गरम नाई ना?

सुगंधाबाई: नाई. देवराव, तुह्या हातात कुऱ्हाड हाये ना?

देवराव: हाये. आता काय?

सुगंधाबाई: न्हानीपाशी जाय. पात्याच्या मांगच्या तुंब्यानं हान अन् माही चूल फोड.

देवराव: ती चूल बाबानं बांधली होती, माय.

सुगंधाबाई: कोनं बांधली ते मले माहीत नाई का? माती मीच देऊन राह्यली होती त्यांच्या हाताले.

चंदा: कायले फोडता? असू द्या तशीच. कुंकू लावा अन् असू द्या.

देवराव: अन् उद्याची आंघोळ?

सुगंधाबाई: पहाटे मीच उठीन. पहिलं माहं पानी वैलावर ठेवीन, पुढं सादा भात ठेवीन. माहं झालं की मंग तुमी काय शिजवायचं ते शिजवा. देवाले चालन का नाई ते मी त्याले विचारीन. तुमी नोको विचारू.

देवराव: तं उद्या फोडतो ना. सावकाश. पहिलं तू पानी पे.

सुगंधाबाई: आजच फोड. तिच्यावर पानी उकळते. उद्या मले पुन्हा राग आला तं?